अभिनंदनची वाक्यं

आईचा फोन आला तेव्हा मी कराडच्या एका निवृत्त तलाठ्यांच्या मनगटावर पट्टी बांधत होते. आई कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही. ती शाळेत मराठी शिकवायची तेव्हापासून तिचा नियम आहे, तास चालू असताना दारात येऊन उभं राहू नये. त्यामुळं मी घाबरून बाहेर गेले आणि उचलला.

"त्रिशला, माझा उजवा हात थरथरायला लागलाय," ती म्हणाली. "हातात धरली की कपबशी वाजते. डॉक्टर म्हणतात, कंपवात आहे. गोळ्या दिल्यात."

"अगं, मग मी उद्या येते सांगलीला."

"माझं राहू दे. अभिनंदनचं काय? माझा हात गेला तर तो लिहिणार कसा? तुझं यंत्र सगळ्या जगाला चालतं, सख्ख्या भावाला चालत नाही होय?"

आमची आई अशीच. स्वतःचा आजार सांगायचा, तोही दुसऱ्यावर डाफरून.

अभिनंदन माझा धाकटा भाऊ. तो जन्मापासून एक शब्दही बोललेला नाही. लहानपणीच डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं होतं आणि आई-अप्पांनी ते नाव गिळून टाकलं होतं. तो हायस्कूलच्या वयाचा झाला तेव्हा आई कुठल्याशा शिबिरात एक पद्धत शिकून आली. पुठ्ठ्यावर सगळी मुळाक्षरं आणि काना-मात्रा मांडायच्या, मुलाचं मनगट आपल्या हातानं अलगद पेलून धरायचं, आणि त्याचं बोट कुठल्या अक्षराकडं जातं ते बघत राहायचं. पुष्कळ दिवस काहीच झालं नाही. मग एका दुपारी बोट चालायला लागलं. पहिलं वाक्य आलं, 'आई, मी आतून सगळं ऐकत होतो.' अप्पा अनवाणीच बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, पळत गेले आणि भगवंतापुढं आडवे झाले.

त्यानंतर अभिनंदन थांबलाच नाही. स्थानिक दिवाळी अंकात त्याचं पान असे. त्याच्या वाक्यांचं छोटंसं पुस्तकही निघालं. लोक लांबून त्याला बघायला यायचे आणि डोळे पुसत जायचे. पण मला त्याची कौतुकाची वाक्यं पाठ नाहीत. मला पाठ आहेत ती मला लिहिलेली. आमच्याकडं मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. माझं लग्न मोडलं आणि मी पुण्यात एकटी भिंतीकडं बघत बसले होते, तेव्हा आईनं त्याची वाक्यं उतरवायच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवला होता. त्यावर त्यानं लिहिलेलं, 'अक्का, तू हरलेली नाहीस. दमली आहेस. घरी ये.' मी मिळेल त्या गाडीनं घरी आले. दारात आई म्हणाली, "भांडी घासून घे, बाई आली नाही आज." मी भांडी घासली. पण मला घरी बोलावलं होतं ते माझ्या भावानं, आणि त्या जोरावर मी पुन्हा उभी राहिले.

माझं काम मनगटपट्टीचं. आता ती बऱ्याच दवाखान्यांत दिसते, म्हणून गोष्ट कळण्यापुरतंच सांगते. आपण बोट हलवायच्या आधी मेंदूतून हुकूम सुटतो. तो मज्जातंतूंतून विजेच्या बारीक लहरी होऊन मनगटापर्यंत येतो, मग स्नायू आवळतो, मग बोट हलतं. पक्षाघात झालेल्या माणसाचं बोट हलत नाही, पण हुकमाचा एखादा तुटका धागा पुष्कळदा मनगटापर्यंत पोहोचतो. पट्टी तो पकडते. माणसाला सांगायचं, मनातल्या मनात 'क' गिरवा. लहर नोंदवायची. मग 'ख'. कुठल्या लहरीला कुठलं अक्षर, हे यंत्र हळूहळू शिकतं, आणि काही आठवड्यांत तो माणूस हात न हलवता पडद्यावर लिहू लागतो.

लोकांना वाटतं, इतका काळ गप्प राहिलेला माणूस पहिलं वाक्य काहीतरी थोर लिहीत असेल. कसलं काय! त्या तलाठ्यांनी लिहिलं, 'पंखा कमी करा.' एका बाईंनी लिहिलं, 'सुनेला सांगा दार लोटून घे.' आम्ही हसतो आणि हसता हसता रडतो, कारण ते वाक्य त्यांचं असतं आणि त्यांच्या घरच्यांना ते ऐकताक्षणी ओळखू येतं.

*

मी दोन पट्ट्या आणि पडदा घेऊन सांगलीला विश्रामबागेतल्या आमच्या घरी गेले. अप्पा जाऊन आता बराच काळ झाला. घरात दोघंच, आई आणि अभिनंदन. अभिनंदन गॅलरीत दोरीवरच्या ओल्या कपड्यांवरून तळहात फिरवत उभा होता. चांगला उंचापुरा झालाय. मी हाक मारली तर त्यानं बघितलं नाही, पण मी जवळ जाऊन उभी राहिले तर सरकलाही नाही. आमच्यात एवढं पुरतं.

आईनं सगळी तयारी करून ठेवली होती. टेबलावर तो कडा झिजलेला पुठ्ठा, दोन खुर्च्या लगटून. "अभिनंदन, ये. अक्का आलीय. तिला दाखवू चल." तिनं त्याला बसवलं, मी त्याच्या मनगटावर पट्टी बांधली, आईनं त्याचा हात पेलला. तिचा हात खरंच थरथरत होता. कोपर टेबलावर दाबून ती तो थांबवत होती.

बेत साधा होता. आईच्या आधारानं तो नेहमीसारखा लिहील. कुठलं अक्षर आलं हे आपल्याला दिसेल, त्याआधीची लहर पट्टी नोंदवेल, आणि यंत्र शिकलं की आईनं हात सोडायचा. पुढं आई असो नसो, अभिनंदन लिहीत राहील. आईला हवं होतं ते एवढंच. आपल्यामागं पोराची वाचा राहावी.

तो लिहीत होता. 'अक्का आली की घराला दोन दारं होतात.' आईनं वाचून दाखवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू ओवाळणी मिळाली. पण यंत्र शिकेना. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. एवढ्या नोंदीत अगदी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचीही निम्मी अक्षरं बरोबर यायला लागतात. अभिनंदनच्या बाबतीत यंत्र आंधळ्या कोशिंबिरीसारखं चाचपडत होतं.

मी मुबीनाला फोन लावला. मुबीना कोतवाल आमच्या गटाची प्रमुख, मिरजेची, कामाला वाघीण.

"आईंचा हात त्याच्या हाताला लागलाय ना?" ती म्हणाली. "त्यांच्या स्नायूंची लहर त्याच्या लहरीत मिसळत असणार. त्यात कंपवाताची थरथर. त्यांच्या मनगटाला पण एक पट्टी बांध आणि ती लहर वजा करून टाक. एवढं काय!"

आईला पट्टी बांधली तेव्हा ती खूश झाली. "म्हातारपणी घड्याळ देतेस होय मला?"

पडद्यावर आता दोन चौकटी होत्या. डावीकडं अभिनंदन, उजवीकडं आई. जी पट्टी जोडली तिच्यावरून यंत्र आपोआप शिकायला लागतं, आणि हलत्या हाताची लहर ते काही तासांतच शिकतं. आईचं शिकणं बंद करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ती नुसती वजाबाकीची रक्कम होती ना.

दुपारच्या चहानंतर मी विचारलं, "अभिनंदन, पट्टी टोचते का रे?"

बोट पुठ्ठ्यावर फिरायला लागलं. डाव्या चौकटीत नेहमीचा गोंधळ. आणि उजव्या चौकटीत, आईच्या नावाखाली, अक्षर उमटलं, 'अ'. मग बोट 'अ'वर गेलं. चौकटीत 'क' आलं. मग बोट 'क'वर गेलं. 'अक्का, पट्टी गार आहे, पण तुझे हात ऊबदार आहेत.' एखादं अक्षर चुकत होतं, तेवढंच. प्रत्येक अक्षर आधी आईच्या मनगटातून पडद्यावर येत होतं आणि अभिनंदनचं बोट त्याच्या मागून तिथं पोहोचत होतं.

मला वाटलं, नावं उलटीसुलटी झाली. मी काहीतरी निमित्त काढून पट्ट्यांची अदलाबदल केली. पट्टी बदलली तरी वाक्य आईच्या मनगटामागं गेलं. पुन्हा बदलल्या. पुन्हा आईच्या मागं गेलं.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"चार्जिंग संपलं," मी म्हणाले, आणि जिन्यात जाऊन बसले.

आईनं फसवलं, असं मला एक क्षणही वाटलं नाही. लहानपणी सुट्टीत आम्ही भावंडं वाटी उलटी ठेवून प्लँचेट करायचो. वाटी सरकायची आणि प्रत्येकजण शपथेवर सांगायचा की मी नाही ढकलली. कुणी खोटं बोलत नव्हतं. मनात एखादी इच्छा पक्की असली की हुकूम सुटतो, हात तो पाळतो, आणि ज्याचा हात त्यालाच पत्ता नसतो. यात शहाणपण-बावळटपणाचा संबंध नाही. इच्छा जितकी मोठी तितका हात आज्ञाधारक. आणि आईएवढी मोठी इच्छा जगात कुणाची असणार?

मुबीनाला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हात धरून लिहिण्याच्या चाचण्या पूर्वीही झाल्यात, त्रिशला. बहुतेक वेळा असंच निघालंय. मी तुला विचारणार होते, पण तुझ्या घरचं होतं."

माझा भाऊ मी मारला, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि तो वर बसून पोहे खात होता.

"आईंना सांगणार?" मुबीना म्हणाली. "एक सुचवते, माझं नाव कुठं घेऊ नकोस. त्याचं पुस्तक आहे, इतक्या वर्षांची वाक्यं आहेत. तेवढ्यावरून यंत्र अगदी तशीच नवी वाक्यं करत राहील. पट्टी त्याच्या हाताला, वाक्य पडद्यावर. आई सुखानं जातील. कुणाचं काय बिघडतंय?"

खरं सांगते, मला ते पटलं. आईसाठी पटलं असं म्हणायला आवडेल, पण मलाही ते वाक्य पुन्हा हवं होतं. दमली आहेस, घरी ये. कुणी का म्हणेना.

*

खोटं बेमालूम करायचं तर वाक्य योग्य वेळी यायला हवं, त्याच्या हाताच्या काही ना काही हालचालीबरोबर. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, आई आंघोळीला गेली असताना, मी अभिनंदनच्या लहरी पहिल्यांदाच नीट उघडून बघितल्या. तोवर मी त्यांत फक्त अक्षरं शोधत होते.

अक्षरांच्या वेळी तिथं काहीच नव्हतं. पण एक लहर होती. आईनं हात धरला रे धरला की ती यायची, आणि धरलेला असेपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहायची. मोठी, स्वच्छ, एकसारखी. अक्षरांशी जुळत नाही म्हणून यंत्रानं ती अडथळा समजून बाजूला टाकली होती.

ती कशाची ते मला कळेना. मग मी दुसरी पट्टी स्वतःच्या मनगटाला बांधली, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. पडद्यावर तीच लहर उमटली.

तो हात मागं घेत होता. दर वेळी. तो झटका मी लहानपणापासून बघितलाय, घरी येणाऱ्या सगळ्यांनीच बघितलाय. आई त्यांना कौतुकानं सांगायची, "मनात विचार जोरात आले की त्याचा हात असा उसळतो." आणि मग तिची पकड थोडी घट्ट व्हायची, विचार सांडू नयेत म्हणून.

त्या सगळ्या नोंदीत माझ्या भावाचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. मला त्या क्षणी आईचा राग आला नाही, यंत्राचाही नाही. फार वाईट वाटलं. तो आमच्या डोळ्यांदेखत सांगत होता आणि आम्ही त्याच्या हातून दिवाळी अंकाची पानं भरत होतो. यापुढं त्याच्या तोंडी आणखी वाक्यं घालणं मला जमणार नव्हतं, आईच्या सुखासाठीसुद्धा नाही.

*

आई मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. पट्ट्या, चौकटी, मागून पोहोचणारं बोट, सगळं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. पेपर तपासताना बसायची तशी मान खाली घालून ऐकत राहिली. हात मात्र मेथीत थरथरत होते.

"यंत्र चुकतं की," ती शेवटी म्हणाली.

"चुकतं. इथं नाही चुकलं."

"मी नाही गं लिहीत. अप्पांची शपथ."

"माहीत आहे मला."

ती उठली. हात धुतले, अभिनंदनला घेऊन आली, पुठ्ठा मांडला आणि साडीच्या पदरानं स्वतःचे डोळे करकचून बांधले. "पुठ्ठा मला तोंडपाठ आहे. तेव्हा तू तो फिरव. कसा फिरवलास ते सांगू नकोस. मी नुसता आधार देते. त्याला तर दिसतंय ना? तो लिहील बरोबर."

मी नको म्हणत होते. पण ती मास्तरीण. स्वतःची परीक्षासुद्धा ती कुणाला सैल घेऊ देणार नव्हती.

मी आवाज न करता पुठ्ठा उलटा केला, वरची बाजू खाली. आईनं अभिनंदनचा हात धरला. तो गॅलरीकडं बघत होता. पुठ्ठ्याकडं त्याचं लक्षच नव्हतं, आणि ते तसं कधीच नसायचं हे मला तेव्हा कुठं जाणवलं. बोट चालायला लागलं. ठामपणे, नेहमीसारखं. मी प्रत्येक जागेवर खडूनं क्रमाच्या आकड्यासह बारीक खूण करत गेले. जी अक्षरं आली त्यांचा काही म्हणजे काही अर्थ नव्हता.

"काय आलं?" पदराआडून आईनं विचारलं.

"नुसती अक्षरं."

ती म्हणाली, "आता पुठ्ठा सरळ कर. आणि खुणा कशावर पडतात ते वाच."

"राहू दे, आई."

"वाच म्हणते ना."

मी पुठ्ठा सरळ केला आणि प्रत्येक खुणेची पलीकडची, उलटी जागा मोजली. बोट जिथं जिथं टेकलं होतं तिथं, पुठ्ठा फिरवला नसता तर, काय होतं ते वाचलं. 'आई, मी आहे ना.'

आईनं पदर सोडला. तिचा चेहरा मला बघवत नव्हता. "हे माझ्या मनात आलं होतं," ती म्हणाली. "आत्ता. तो असं म्हणेल, असं."

अजून तिनं त्याचं मनगट धरलेलं होतं. तिनं खाली बघितलं आणि हात सोडला. अभिनंदननं लगेच आपला हात छातीशी घेतला आणि उठून गॅलरीत गेला.

"मग इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होते गं, त्रिशला?"

मी वेगळंच बोलले. "माझं लग्न मोडलं तेव्हाचं वाक्य तुझं होतं. तू दमली आहेस, घरी ये."

"मी असलं काही बोलत नाही."

"माहीत आहे."

ती माझ्याकडं बघत राहिली, मी तिच्याकडं. एखादी म्हणेल, भाऊ गेला पण आई सापडली. कागदावर हिशेब बरा दिसतो. मला तसं काही वाटलं नाही. माझ्या पडत्या काळात मला बोलावणारा एक भाऊ होता, तो नव्हताच असं निघालं होतं, आणि मला तोच हवा होता. आईलाही आपला लेकच हवा होता. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून रडलो, पण एकमेकींच्या गळ्यात पडलो नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

जेवताना मी त्या दुसऱ्या लहरीचं सांगितलं. ते सांगणं सगळ्यात अवघड गेलं. आई ताटाकडं बघत म्हणाली, "म्हणजे 'सोड' म्हणत होता."

"'सोड' हा शब्द आपला आहे, आई. तो हात मागं घेत होता. तेवढंच."

"मग यंत्राला तसा शब्द शिकव. हात मागं घ्यावासा वाटला की पडद्यावर 'नको' येऊ दे. बिनशब्दाचं मला कळत नाही."

"तोच तर सगळा घोळ झाला ना गं."

शेवटी आम्ही एवढंच केलं. त्याच्या पट्टीवर एक बारकासा दिवा बसवला. ती लहर आली की दिवा लागतो. त्याला नाव द्यायचं नाही, त्याचं वाक्य करायचं नाही, दिवा लागला की आपण मागं सरायचं, असं ठरवलं. पहिल्याच आठवड्यात दिवा किती वेळा लागतो ते बघून आई हबकली. डोक्याला तेल लावताना लागायचा. नखं कापताना लागायचा. पाहुण्यांच्या पाया पडायला वाकवताना लागायचा. भात कालवून भरवताना लागला, तेव्हा आईनं ताट त्याच्यापुढं सरकवलं आणि तो आपल्या हातानं जेवला. निम्मं खाली सांडलं. आईनं ते पुसलं आणि मग बराच वेळ देवघरात बसून राहिली.

तिनं त्याच्याशी बोलणं जवळजवळ सोडलं. "काय बोलू?" असं मला फोनवर म्हणायची. "पूर्वी मी विचारायची, तो सांगायचा. आता विचारते आणि माझंच मला ऐकू येतं." तिचा आवाज म्हातारा झाला होता. मी दर शनिवारी जाऊ लागले. मला त्या घरात शिरताना भीती वाटायची, आणि न जाणंही जमत नव्हतं.

*

भाद्रपदात आमची दशलक्षणं झाली. जैनांच्या घरी त्या दहा दिवसांच्या पर्वानंतर क्षमावाणी असते. त्या दिवशी प्रत्येकानं प्रत्येकाची क्षमा मागायची. मोठ्यानं लहानाची, सासूनं सुनेची, मालकानं गड्याची. हात जोडायचे आणि "उत्तम क्षमा" म्हणायचं. समोरच्यानंही हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणायचं. ते उत्तर कुणी कुणाला नाकारत नाही. भाऊबंदकीत कोर्टात गेलेलेसुद्धा त्या दिवशी तेवढं म्हणतात.

बस्तीतून लोक नेहमीप्रमाणे आमच्याकडं आले. अभिनंदनच्या हातून क्षमेचं एक वाक्य लिहून घ्यायचं आणि मग चहा प्यायचा, हा गल्लीचा रिवाजच पडला होता. तो खुर्चीवर बसून केळं खात होता. अप्पांचे मित्र शांतिनाथकाका त्याच्यासमोर बसले, हात जोडले आणि आईला म्हणाले, "हं वहिनी, घ्या पुठ्ठा. यंदा काय म्हणतोय आमचा मुनी?"

आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी उठून तो तिच्या हातातून घेतला, कारण कप वाजत होते.

"यंदा काही नाही," आई म्हणाली. "आजवरची वाक्यंही त्याची नव्हती, भाऊजी. माझी होती. मला ते माहीत नव्हतं. तुम्हा सगळ्यांची क्षमा मागते. उत्तम क्षमा."

शांतिनाथकाकांनी जोडलेले हात तसेच ठेवले. मग त्यांनी घसा खाकरला. "असू द्या की वहिनी. आम्हाला तेवढंच बरं वाटायचं. उत्तम क्षमा." बाकीच्यांनीही म्हटलं. एकेकानं म्हटलं. कुणी मागं राहिलं नाही.

मग आई अभिनंदनच्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली. सवयीनं तिचा हात त्याच्या मनगटाकडं जायला निघाला. तिनं तो मध्येच थांबवला आणि दुसऱ्या हातात घट्ट धरला. दोन्ही हात जोडले तरी थरथर थांबत नव्हती.

"अभिनंदन," ती म्हणाली, "उत्तम क्षमा."

त्यानं केळ्याचा शेवटचा तुकडा तोंडात घातला. साल मांडीवर ठेवली. तो खिडकीबाहेर बघत होता.

आईनं त्याच्या पट्टीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. "दिवा लागला नाही ना?"

"नाही."

"म्हणजे..."

"म्हणजे काही नाही, आई."

तिनं मान हलवली. लोक वाट बघत होते, मीही बघत होते. आजवर दर क्षमावाणीला त्याच्या वतीनं आईला क्षमा करणारा हात आईचाच होता, आणि आता तो तिला वापरता येत नव्हता. ती तशीच हात जोडून त्याच्यापुढं उभी राहिली.